पिकअपचे ब्रेक करकरू लागले तर

आज बोलायचं आहे ते पिकाविषयी नव्हे, पीक बाजारात नेणाऱ्या गाडीविषयी. सोलापूर बाजार समितीत कांदा घेऊन जाणारी पिकअप ब्रेक दाबला की 'ची-ची' करते. आपण म्हणतो, "धूळ बसली असेल, बघू पट्टी झाल्यावर." पण हे दुखणं अंगावर काढू नका. भरली गाडी तुळजापूरच्या घाटात उतरताना ब्रेक ऐनवेळी लागला नाही, तर कांदा राहू द्या, माणसंच हाती लागायची नाहीत.

पुढच्या चाकाला बहुधा लोखंडी डिस्क असते. तिला दोन्ही बाजूंनी ब्रेक पॅड चिमट्यासारखे आवळतात. काही पॅडना पत्र्याची छोटी पट्टी असते. पॅड झिजले की ती डिस्कला घासून ओरडते. ही झाली सूचना. पण 'खर्र खर्र' आवाज आला तर लोखंडावर लोखंड घासतंय असं समजा आणि गाडी जागेवर थांबवा. आवाज बंद व्हावा म्हणून पॅडवर तेल मात्र कधीही सोडू नका.

चाक काढायचं तर गाडी सपाट, टणक जागी घ्या. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. नट आधी सैल करा, मग जॅक लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका, खाली घोडी द्या. पॅडचा मसाला ३ मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर पॅड बदला.

आता जुने पॅड नीट न्याहाळा. आतला जास्त आणि बाहेरचा कमी झिजला असेल, तर कॅलिपरच्या पिना किंवा पिस्टन अडकलेला असतो. आपल्याकडची काळी माती आणि धूळ फाटक्या रबरातून आत शिरते आणि पिना गंजतात. हा दोष तसाच ठेवून नवे पॅड घातले तर तेही तसेच झिजतील. म्हणून पिना साफ करा, फाटलेलं रबर बदला आणि ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं. डिस्कवर खोल चरे असतील तर ती मिस्त्रीला दाखवा.

कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेनं बांधा. धूळ तोंडानं किंवा हवेनं उडवू नका, ती छातीत जाते. ओल्या फडक्यानं पुसा. पिस्टन हळूहळू मागे दाबा. तेव्हा डबीतलं ब्रेक ऑइल वर येतं, ते सांडून रंगावर पडू देऊ नका.

लक्षात ठेवा:

१. पॅड एकाच चाकाचे बदलू नका, दोन्ही पुढच्या चाकांचे एकदम बदला. नाहीतर गाडी एका अंगाला ओढते.

२. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत पुनःपुन्हा दाबा. पहिल्या दाबाला ते रिकामंच जातं.

३. ब्रेक ऑइलची पातळी बघा. ते हवेतलं पाणी शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलून घ्या.

४. पहिले दोन-तीनशे किलोमीटर ओझं बेताचं ठेवा आणि ब्रेक हळुवार लावा.

स्वतःला जमत नसेल तर लाज कसली? चांगल्या मिस्त्रीकडून काम करून घ्या, पण जुने पॅड मागून स्वतः पाहा. बैलाचा खूर आपण जसा उचलून पाहतो, तसंच चाकही पाहावं.