उत्तर देणाऱ्या कवीची विद्या
(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



एकांतात बसून काव्य रचणाऱ्या कवीविषयी आपण पुष्कळ बोलतो. आज मी निराळ्या कवीविषयी बोलणार आहे. त्याच्यासमोर दुसरा कवी असतो, भोवती श्रोते असतात आणि आलेल्या पदाला तिथल्या तिथे उत्तर द्यावयाचे असते. ग्रंथ उघडून पाहण्याची सवड त्याला नसते. अशा कवीला काय ठाऊक असावे लागते, हा आजचा विषय.

मराठीत याचे ठळक उदाहरण कलगी-तुऱ्याचे. तुरेवाले शिवाला श्रेष्ठ मानणारे, कलगीवाले शक्तीला. डफ-तुणतुण्याच्या साथीवर एका फडाने भेदिक लावणीतून कूट घालावे, दुसऱ्याने ते सोडवून उलट सवाल टाकावा, असा हा सामना. पंचमहाभूते, पिंड-ब्रह्मांडाची मांडणी, पुराणांतील आडवळणाच्या कथा, संख्यांचे संकेत हे सारे शाहिराच्या जिभेवर असावे लागे. ही विद्या पाठशाळेपुरती नव्हती. अध्यात्मपर लावण्या रचणारे वावीचे परशराम हे शिंपी होते. पुसेसावळीच्या हैबतींची रचना गुरुशिष्यपरंपरेने फडाफडांतून फिरली. कानाने ऐकलेले आणि बाडात उतरवलेले, एवढेच बहुतेकांचे विद्यापीठ.

आपण हैदराबादकरांना तर अशा विद्येची आणखी दोन रूपे घराशेजारीच भेटतात. तरही मुशायऱ्यात एक मिसरा आधी दिला जातो आणि त्याच वृत्तात, त्याच काफिया-रदीफात प्रत्येक शायराने आपली गझल सादर करावयाची असते. निजामाचे पंतप्रधान महाराजा किशन प्रसाद (१८६४-१९४०) स्वतः ‘शाद’ या नावाने लिहीत आणि मुशायरे भरवीत. तेलुगूतील अष्टावधानात आठ पृच्छक कवीला घेरून बसतात. कोणी समस्या घालतो, कोणी चार शब्द देऊन तेच पद्यात गुंफायला सांगतो, कोणी अक्षरामागून अक्षर निषिद्ध करीत जातो, तर कोणी मध्येच भलतेच विचारून चित्त विचलित करू पाहतो.

या साऱ्यांचे मर्म मला उलगडले ते जपानच्या मध्ययुगीन साखळीकाव्यामुळे. त्याला ‘रेंगा’ म्हणतात. सतरा अवयवांचे पद एकाने रचावे, त्याला दुसऱ्याने चौदा अवयवांचे जोडावे, अशी शंभर पदांपर्यंत साखळी चाले. १४८८ मध्ये सोगी आणि त्याचे दोन शिष्य शोहाकु व सोचो यांनी मिनासे येथे रचलेली शतपदी आदर्श मानली जाते. नियम कडक होता. नवे पद लगतच्या पदाशी जुळले पाहिजे. मात्र त्याच्याही आधीच्या पदाचा आशय पुन्हा येता कामा नये. म्हणून संकेतांचे भांडार मोठे लागे. चकोर म्हटले की आपल्याला चंद्र आठवतो. तसे योशिनो म्हटले की चेरीचा बहर, तात्सुता म्हटले की शरदातली लाल पाने. जुने काव्यसंग्रह आणि ‘गेन्जी मोनोगातारी’ कवीच्या अंगवळणी पडलेली असावी लागत.

श्रोतेहो, येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ही विद्या कवीपाशी असून भागत नाही. ती श्रोत्यापाशीही असावी लागते. कूट किती अवघड होते हे ज्याला कळत नाही, त्याला ते सुटल्याचा आनंद कसा व्हावा? उत्तर देणारी कविता समाईक स्मरणावर उभी असते. ते स्मरण आटले, तर उत्तम शाहीरही मुका होतो.

आणि स्मरणाची ठेव नाजूक असते. १४६७ मध्ये ओनिन युद्ध पेटले, क्योतो उद्ध्वस्त झाले आणि इचिजो कानेयोशी या विद्वानाचा थोर ग्रंथसंग्रह लुटला गेला. पुढे त्याच कानेयोशीने कोणत्या शब्दाशी कोणता शब्द जुळतो, याची मार्गदर्शिका रचली. सोगी प्रांतोप्रांती हिंडून जुन्या ग्रंथांवर प्रवचने करीत राहिला. ग्रंथ गेले तेव्हा स्मरणाने ते तारले आणि स्मरण उणे पडेल म्हणून पुन्हा ग्रंथ लिहिले गेले.

या शहरातील मराठी वाचकाला याचा अर्थ अधिक जाणवावा. १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे आणि ही राजधानी एकाच राज्यात होती. राज्यपुनर्रचनेनंतर येथील मराठी घरे भाषिक प्रदेशापासून वेगळी झाली. मुले तेलुगूत, हिंदीत, इंग्रजीत शिकू लागली. त्यात त्यांचा तोटा झाला असे मी म्हणणार नाही. पण ‘शबरीची बोरे’ म्हटल्यावर, ‘नाथाघरचे पाणी’ म्हटल्यावर घरातल्या नातवाच्या चेहऱ्यावर काही उमटत नसेल, तर आजोबांचे अर्धे बोलणे वाया जाते.

म्हणून या शताब्दीनिमित्त माझी दोन मागणी आहेत. कोणाच्या पेटीत आजा-पणजांचे बाड असेल, लावण्यांचे, आरत्यांचे, कीर्तनाच्या आख्यानांचे, तर ते वाळवीच्या हवाली न करता येथे आणून द्यावे. आणि ग्रंथालयाने ते कपाटात न ठेवता, महिन्यातून एकदा चार माणसे जमवून मोठ्याने वाचावे, अवघड संकेत उलगडून सांगावेत. कपाटात बाड टिकेल. उत्तर देणारा मात्र ऐकणाऱ्यांमध्येच तयार होतो.