पुढच्या चाकाचे तेल

बंगळूरच्या आग्नेयेस, होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यात एचएसआर लेआउट ही वसाहत आहे. तिच्या नावातील आद्याक्षरे त्या रस्त्यांचीच. तेथील एखाद्या इमारतीच्या तळघरात, नव्या मोटारींच्या रांगेमागे, मातीने माखलेली उंच मोटारसायकल उभी असते. ती बहुधा 'हीरो इम्पल्स'सारखी असते. ही गाडी २०११ साली खडबडीत वाटांसाठी म्हणून बाजारात आली आणि काही वर्षांतच तिचे उत्पादन थांबले. डाकार रॅली २०१५ साली पुरी करणारे पहिले भारतीय सी. एस. संतोष याच शहराचे. तेव्हा रविवारी पहाटे मातीच्या वाटा धुंडाळण्याची हौस येथे रुजली यात नवल नाही.

अशा गाडीचा धनी इंजिनातील तेल वेळेवर बदलतो, साखळीला वंगण देतो. परंतु पुढच्या चाकाच्या दोन्ही अंगांना ज्या नळ्या असतात, ज्यांना गॅरेजात सरसकट 'शॉकअप' म्हणतात, त्यांच्यातही तेल असते आणि तेही म्हातारे होते, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

नळीतील स्प्रिंग भार पेलते. पण एकटी स्प्रिंग खड्ड्यानंतर नाचतच राहील. तो नाच तेल थांबवते. चाक वर उचलले गेले की तेलाला बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते, आणि धक्क्याची शक्ती त्या खटाटोपात उष्णता होऊन जिरते. बी.एम.डब्ल्यू. कंपनीने १९३५ साली आपल्या आर-१२ या गाडीत ही योजना आणली. तत्त्व आजही तेच आहे.

तेल एका दिवसात बिघडत नाही, हीच खरी अडचण. घासल्या गेलेल्या धातूची पूड त्यात मिसळते, दमटपणा शिरतो, दाटपणा घटतो. आणि स्वार नकळत सावरून घेत जातो. मग पावसात एकाएकी ब्रेक दाबावा लागतो, गाडीचे नाक खाली बसते, चाक रस्ता सोडून उड्या मारते, आणि थांबायला जागा पुरत नाही.

परीक्षा सोपी आहे. पुढचा ब्रेक धरून हँडल जोराने खाली दाबावे. गाडी संथपणे वर येऊन स्थिर झाली तर ठीक. डुलत राहिली तर तेल थकले. चकचकीत नळी पुसून पुन्हा दाबावे. तीवर तेलाचे कडे उमटले तर ऑइल सील गळते आहे. कधी सीलखाली अडकलेला मातीचा कणच दोषी असतो. परंतु गळणारे तेल ब्रेकच्या डिस्कवर पोचले, तर गाडी बाहेर काढूच नये.

तेल बदलताना इंजिनाखाली भक्कम आधार देऊन पुढचे चाक अधांतरी करावे. वरचे झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवावे. खाली दबलेली स्प्रिंग ते जोराने उडवते. काही जुन्या गाड्यांत तळाशी तेल काढण्याचा स्क्रू असतो. नसल्यास नळी उतरवून उलटी धरावी आणि वरखाली करून उरलेले तेल काढावे. ते राखाडी व चमचमते निघाले तर आतले भाग झिजत आहेत. दुधाळ निघाले तर पाणी शिरले आहे.

नव्या तेलाचा दाटपणा व माप निर्मात्याच्या पुस्तिकेत असते. डब्यावरच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नये. एका कंपनीचे 'दहा' दुसरीच्या 'दहा'शी जुळेलच असे नाही. शिवाय नळीत थोडे जुने तेल राहतेच, म्हणून नुसते मोजून ओतणे पुरत नाही. स्प्रिंग बाहेर ठेवून, नळी पूर्ण दाबून, वरच्या काठापासून तेलाच्या पृष्ठापर्यंतचे अंतर मोजावे. हे अंतर दोन्ही नळ्यांत अगदी सारखे हवे. तेलावरची हवाही स्प्रिंगसारखेच काम करते. तेल जास्त झाले की हवेला जागा उरत नाही आणि धक्क्याच्या शेवटी फोर्क दगडासारखा होतो. घाईत हेच माप चुकते, आणि दोष बिचाऱ्या स्प्रिंगवर जातो.

उरले ते काळे तेल. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते. पावसाळी गटारात ओतलेले तेल अखेर अगरा तलावासारख्या जलाशयाची वाट धरते. म्हणून ते झाकणाच्या डब्यात भरून, जेथे जुने तेल गोळा करतात अशा गॅरेजात नेऊन द्यावे.