एकदा लिहावे, नीट लिहावे : लहान व्यापार आणि ऑनलाइन साधने



नगरचा कापड बाजार, आडते बाजार, डाळ मंडई आणि मार्केट यार्ड या पेठांनी पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत अशा तालुक्यांतील किरकोळ दुकानदारांना पिढ्यान्‌पिढ्या माल पुरविला. २०२४ साली शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. पेठेचा व्यवहार मात्र आजही शब्दावर, पतीवर आणि वहीवर चालतो. व्यापाऱ्याचा शब्द जेथे कायमचा उमटतो ते स्थान म्हणजे वही. म्हणूनच लक्ष्मीपूजनाला तिची पूजा होते आणि म्हणूनच कूटलेख, म्हणजे खोटी लेखी नोंद, हा श्रावकाच्या सत्यव्रतातील अतिचार मानला गेला आहे. ही वही आता संगणकात आणि मोबाइलमध्ये गेली आहे. तिची शुद्धता कशी राखावी आणि तिच्यापायी जाणारा वेळ कसा वाचवावा, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

जुन्या पद्धतीत एकच आकडा अनेकदा लिहावा लागे. विक्रीची रक्कम आधी बिलावर, मग रोजमेळात, तेथून खतावणीत, पुढे उधारीच्या यादीत आणि अखेर करसल्लागाराला द्यावयाच्या कागदावर. प्रत्येक उताऱ्यात चुकीला वाव असे. दुकानाचे शटर खाली आल्यावर रात्री उशिरापर्यंत चालणारे काम बहुतांशी हेच असते : लिहिलेले पुन्हा लिहिणे. स्वयंचलनाचा साधा अर्थ असा की, आकडा माणसाने एकदा लिहावा आणि पुढचे उतारे यंत्राने करावेत.

आपल्या देशात सर्वत्र वापरले जाणारे टॅली हे सॉफ्टवेअर एका व्यापारी घराच्या गरजेतूनच जन्मले. गिरण्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरविणारे श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या हिशेबाला सोयीचे सॉफ्टवेअर मिळेना. तेव्हा त्यांनी गणिताचे पदवीधर असलेले आपले चिरंजीव भरत गोएंका यांना ते तयार करण्यास सांगितले. १९८६ साली बंगळूर येथे त्या प्रयत्नाला व्यवसायाचे रूप आले. भरत गोएंका यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

पुढे शासनाचा हिशेबच ऑनलाइन झाला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. १ एप्रिल २०१८ पासून ५०,००० रुपयांवरील आंतरराज्य मालवाहतुकीस ई-वे बिल आवश्यक ठरले. १ जानेवारी २०२२ पासून तर असा नियम झाला की, पुरवठादाराने आपले बिल जीएसटी पोर्टलवर दाखविले नसेल, तर खरेदीवर दिलेल्या कराची वजावट मिळत नाही. २ लाखांच्या कापडावर ५ टक्के दराने कर १०,००० रुपये होतो. दुसऱ्याच्या आळसामुळे ही रक्कम लहान दुकानदाराच्या खिशातून जाऊ शकते. याकरिता पोर्टलवर तयार होणारे जीएसटीआर-२बी हे विवरण उतरवून घेऊन स्वतःच्या खरेदी-नोंदीशी ताडून पाहावे लागते. हाताने हे काम करण्यात दिवस मोडतो. सॉफ्टवेअर किंवा साधी एक्सेल शीटही न जुळणारी बिले काही मिनिटांत वेगळी काढते. मग पुरवठादाराला वेळीच फोन करता येतो.

हेच तत्त्व इतर कामांनाही लागू पडते. खेड्यातील दुकानदारांच्या मागण्या फोनवरून चिठ्ठीवर उतरवून घेण्याऐवजी गूगल फॉर्ममधून घेतल्यास त्या आपोआप एका तक्त्यात जमा होतात आणि त्या तक्त्यावरून माल बांधता येतो. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये मालाची चित्रे, दर आणि नेहमीच्या प्रश्नांची तयार उत्तरे ठेवता येतात. बँकेचे विवरण हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतले, तर यूपीआयने आलेली रक्कम कोणत्या बिलापोटी आली, हे जुळविणे सोपे होते. यांतील काही साधने विनामूल्य आहेत. मात्र त्यांच्याआधी एक कष्टाचे काम प्रत्येक दुकानाला करावेच लागते. मालाची यादी, ग्राहकांची नावे, त्यांचे जीएसटी क्रमांक आणि जुनी येणी एकदा तपासून शुद्ध करावी लागतात. हे टाळून घेतलेले महागडे सॉफ्टवेअरही निरुपयोगी ठरते.

यंत्र जसे बरोबर काम वेगाने करते, तशीच चूकही वेगाने करते. २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले, तेव्हा याचा प्रत्यय आला. १,००० रुपयांहून अधिक आणि २,५०० रुपयांपर्यंत किमतीच्या तयार कपड्यांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला; २,५०० रुपयांवरील कपड्यांवर तो १८ टक्के झाला. १,८०० रुपयांच्या पोशाखावर पूर्वी २१६ रुपये कर होता, तो ९० रुपये झाला. ज्या दुकानाची मालाची यादी नीट होती, त्याला दर एकाच ठिकाणी बदलून भागते. तो बदलायचा राहिला, तर प्रत्येक ग्राहकाकडून १२६ रुपये जास्त घेतले जातात आणि बिल मात्र छापील, नेटके, विश्वासार्ह दिसते. लेखणी हातात असताना चुकलेला आकडा एका पानावर राहत असे. येथे तो दिवसभराच्या प्रत्येक बिलावर उमटतो. यास्तव दर, सवलत आणि उधारीची मर्यादा बदलण्याचा अधिकार मालकाकडेच असावा, आणि दिवसाकाठी काही बिले डोळ्यांखालून घालण्याची शिस्त असावी.

उधारीच्या बाबतीत तर अधिक विवेक हवा. बिलापासून ३० दिवस झाले की स्मरणपत्र आपोआप पाठविण्याची सोय आज उपलब्ध आहे. परंतु नगर जिल्ह्यातील खेड्यात पैसा महिन्याच्या तारखेने येत नाही; तो कांद्याच्या पट्टीने आणि उसाच्या बिलाने येतो. पावसाने कांदा सडला, कारखान्याचे बिल लांबले किंवा घरात दुःखद प्रसंग घडला, हे यंत्राला कळत नाही. वीस-वीस वर्षे व्यवहार ठेवलेल्या माणसाला अशा दिवशी कोरडा तगादा गेला, तर वसुली होईलही, पण संबंध तुटेल. म्हणून कोणाकडे किती येणे आहे, याची यादी यंत्राने रोज सकाळी समोर ठेवावी. संदेश कोणाला जावा, हे मात्र माणसाने ठरवावे.

हे ठरविण्याचे ज्ञान बहुतेक दुकानांत मुनीमजींपाशी असते. संगणक आला की त्यांचे स्थान डळमळते, ही भीती अनेक घरांत बोलून दाखविली जात नाही, पण असते. कोणता ग्राहक दिवाळीनंतर देतो, कोणाचा शब्द पक्का आणि कोणाचा कच्चा, हे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून भरलेले नसते. मुनीमजींना बाजूला सारणारे दुकान आपल्या स्मृतीचाच एक भाग गमावते. नकलेच्या कामातून त्यांना मोकळे करून तपासणी आणि वसुली त्यांच्या हाती सोपविणे, हे न्यायाचेही आहे आणि फायद्याचेही.

सुरक्षिततेविषयी तीन गोष्टी पाळाव्यात. जीएसटी आणि बँक यांचे ओटीपी मालकाच्याच मोबाइलवर यावेत आणि ते कोणालाही सांगू नयेत. हिशेबाची एक प्रत दुकानाबाहेर ठेवावी आणि ती उघडते की नाही, हे अधूनमधून पाहावे. ग्राहकांचे फोन क्रमांक व येणी ही त्यांनी विश्वासाने दिलेली ठेव आहे, ती इतरत्र जाऊ देऊ नये. याविषयी संसदेने २०२३ साली कायदाही संमत केला आहे.

आरंभ लहान असावा. युवकांनी या महिन्यात मुनीमजींच्या शेजारी बसून, सर्वाधिक वेळा पुन्हा लिहावे लागणारे एकच काम निवडावे. ते यंत्राकडे द्यावे, एक महिना वहीही समांतर चालू ठेवावी आणि दोन्ही बेरजा जुळल्या, तरच पुढचे काम हाती घ्यावे. बेरीज जुळली नाही, तर दोष कोठे आहे, हे मुनीमजी सांगतील.