चूल, गाळणी आणि परतीची वाट
(महोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर आम्हां स्वयंसेवकांच्या हातून जें अल्पसें कार्य घडत आहे, त्याविषयीं चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे.

त्या प्रदेशांत पावसाळ्यांत पाऊस कोसळतो आणि वैशाखांत विहिरी तळ दाखवितात. झोंपडींत तीन दगडांच्या चुलीचा धूर कोंडतो. तो स्वयंपाक करणाऱ्या माउलीच्या व तिच्या कडेवरील मुलाच्या छातींत जातो. घरांतील अशा धुरामुळें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें मृत्यु पावलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१६ सालापासून गॅसची शेगडी पुष्कळ गरिबांघरीं पोंचली. तरी टाकी पुन्हां भरण्यास पैका नसला कीं चूल पेटतेच.

सुधारलेली चूल ही कांहीं नवी वस्तु नव्हे. वर्ध्याच्या मगनवाडीची मगन चूल आपल्या वडीलधाऱ्यांस ठाऊक असेल. १९८३ सालीं सरकारनें देशव्यापी योजना काढिली. २००२ सालीं ती बंद होईपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली वांटल्या गेल्या. परंतु पुष्कळ चुली लवकरच भंगल्या, धुराडीं काजळीनें बुजलीं, आणि गृहिणी पुन्हां तीन दगडांकडे वळल्या. दोष त्यांचा नव्हता. दुरुस्तीस कोणी फिरकलें नाहीं.

एका पाड्यावर एका आजीनें आम्हांस विचारलें, "धूर गेला, तर वर टांगलेल्या बियाण्याला कीड लागेल, त्याचें काय?" प्रश्न रास्त होता. बियाणें राखेंत घोळून झांकून ठेवण्याची सोय झाली, तेव्हांच त्या घरीं नवी चूल पेटली.

वाळूच्या गाळणीचेंही तसेंच आहे. वाळूवर सुमारें पांच सेंटिमीटर पाणी नित्य उभें असावें लागतें. मग कांहीं आठवड्यांनीं तिच्या पृष्ठभागीं सूक्ष्म जीवांचा थर धरतो व तो रोगजंतूंचा फडशा पाडतो. वाळू सुकली कीं थर मरतो. म्हणजे हंडाभर पाणी सोन्याच्या मोलाचें होतें, त्याच दिवसांत गाळणीस रोज पाणी घालावें लागतें. शिवाय गाळलेलें पाणी उघड्या भांड्यांत ठेविलें, तर सारे श्रम व्यर्थ.

बंधुभगिनींनो, द्रव्यसाहाय्य आपण उदार हस्तें केलें. आतां आपला वेळ द्यावा, ही विनंति. प्रत्येक आळीनें एक पाडा आपला मानावा. पावसाळ्यापूर्वीं, पावसाळ्यानंतर व ऐन उन्हाळ्यांत तेथें जावें. धुराडें झाडावें, गाळणी पाहावी, आणि त्या भगिनी काय सांगतात तें ऐकून घ्यावें.

ते लोक आपल्या धर्माचे नाहींत, असें कोणी म्हणेल. शेजारी कोण, या प्रश्नाचें उत्तर देतांना प्रभु येशूनें परक्या शोमरोन्याचाच दृष्टान्त दिला. त्या शोमरोन्यानें जखमा बांधल्या, उतारशाळेचा खर्च दिला, आणि परत येण्याचें वचन देऊन मगच तो वाटेस लागला. आपणही चूल बसविली, गाळणी ठेविली. आतां परत जावयाचें राहिलें आहे. त्यासाठीं परमेश्वर आपणां सर्वांस बळ देवो.