आधी देऊळ, मग कान

(कलशारोहण सोहळ्यातील प्रवचनाचा मजकूर)



जीर्णोद्धाराच्या प्रसंगी प्रथम स्मरण व्हावे ते देहूच्या तुकोबारायांचे. त्यांच्या परमार्थाच्या आरंभी एका पडक्या देवळाची दुरुस्ती आहे, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. 1630 च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ. घरचा व्यापार बुडाला, बाजारातली पत गेली, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. अशा वेळी पूर्वजांपासून चालत आलेले विठ्ठलाचे देऊळ भंगले होते, ते नीट करावे असे त्यांच्या मनाने घेतले. ही हकीकत त्यांनी स्वतःच अभंगात नमूद केली आहे.

त्यापुढे ते जे सांगतात ते अधिक महत्त्वाचे. एकादशीचे कीर्तन सुरू केले तेव्हा चित्त अभ्यासात नव्हते, अशी कबुली ते देतात. मग संतांची वचने पाठ केली. पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून धृपद धरले. धृपद धरणाऱ्याचा कान पुढच्याच्या तोंडाकडे लागलेला हवा. पुढे ज्यांची वाणी घरोघर गेली, ते आधी असे ऐकत उभे होते!

एकांतासाठी ते भंडारा डोंगरावर जात. मागून जिजाबाई भाकरी घेऊन चढत. त्या माउलीला कजाग ठरवून हशा मिळवणाऱ्यांनी तो चढ एकदा भर उन्हात चढून पाहावा. असो. आज त्या डोंगराच्या पायथ्याशी तळेगाव-चाकण रस्ता आहे आणि मालमोटारींची रीघ असते.

पण गलबला केवळ रस्त्यावरचा असतो काय? देवापुढे डोळे मिटताच दुधाचा हिशेब, सोसायटीचे कर्ज, बांधावरची भांडणे आणि मुलाची नोकरी यांचा घोष सुरू होतो. त्यातूनच नवसाची यादी देवाला ऐकवायची, घंटेचा टोल द्यायचा आणि चपला शोधायच्या. कचेरीत अर्ज दिला तर माणूस पोच घेतल्याशिवाय हलत नाही; देवळात मात्र पोच मिळण्याइतकाही तो थांबत नाही. तुकोबांनाही हा घोष चुकला नव्हता. परंपरा सांगते की, त्यांनी सावकारीच्या खतांतला निम्मा वाटा भाऊ कान्होबांना दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. येणे बाकी होते तोवर मनातला तगादा संपणार नव्हता.

कर्ण्याविषयीही बोलणे भाग आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत उघड्यावर कर्णा लावण्यास बंदी घातली. त्यावर काकडआरतीचे कसे होणार, अशी तक्रार कानी येते. काकडआरती कर्णा येण्यापूर्वी कित्येक पिढ्या टाळांवर आणि गळ्यांवर चालली. ज्याला जाग यायची त्याला येत होती.

एवढे करून ऐकू येतेच, असे मात्र नाही. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी आक्षेप घेतला आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, अशी कथा आहे. जो शब्द देवाचा म्हणून लिहिला, तोच पाण्याखाली. तुकोबा काठच्या शिळेवर अन्नपाणी सोडून बसले. पहिल्या दिवशी उत्तर नाही, पाचव्या दिवशी नाही, दहाव्या दिवशी नाही. भोवती लोकांची कुजबुज, घरी लेकरे. तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्याचे परंपरा सांगते. रामेश्वरभट्टही पुढे त्यांचे शिष्य झाले. कथेकरी त्या चमत्काराकडे घाईने जातात. पण बाराव्या रात्री, उद्या वह्या वर येणार आहेत, हे त्या शिळेवर बसलेल्या माणसाला कोणी सांगितले नव्हते.

ती शिळा देहूत आहे. 2022 साली तिच्यासाठी नवे दगडी मंदिर उभे राहिले. दर्शनाला येणारे तिच्यावर माथा टेकतात आणि मागच्याला वाट देण्यासाठी लगेच उठतात.