पायी चालणारं कबुतर

कबुतर म्हटलं की आपल्याला वळचणीतला पारवा आठवतो. मूठभर ज्वारी टाकली की शंभरानं उतरणारा, आणि हल्ली घरोघरी बाल्कनीला जाळी बसवायला लावणारा. त्याच्याच कुळातला, पण माणसापासून चार हात लांब राहणारा एक पक्षी आपल्या पुणे जिल्ह्यात आहे. त्याचं नाव पाचू कवडा. भीमाशंकर, आहुपे या बाजूच्या दाट रानात तो असतो.

साळुंकीपेक्षा किंचित मोठा. पंख पाचूसारखे हिरवे, छाती जांभळट गुलाबी, चोच लालचुटूक. नराच्या कपाळावर पांढरा पट्टा. इतका रंगीत पक्षी चटकन दिसायला हवा, पण दिसत नाही. हा हिरवा रंग उन्हातच झळकतो. सावलीत तो मातकट होऊन पाचोळ्यात मिसळून जातो. आणि हा राहतो सावलीतच.

आपला राज्यपक्षी हरियाल याचा भाऊबंदच, पण त्याचा बहुतेक संसार उंबर-वडाच्या शेंड्यावर. पाचू कवड्याचं पोट मात्र जमिनीवर भरतं. गळून पडलेली फळं, बिया, एखादी वाळवी, असं टिपत तो पायवाटेनं, ओढ्याच्या कोरड्या पात्रातून चालत असतो. चाहूल लागली की आधी पावलं झपझप उचलतो. अगदीच जवळ गेलात तर भुर्रकन उठतो आणि झाडांच्या खोडांमधून वाट काढत, जमिनीपासून थोड्याच उंचीवरून बाणासारखा निघून जातो. घरटं म्हणजे चार काटक्यांची विसविशीत बैठक, तीही फार उंच नाही. त्यात दोन अंडी. पक्षी बिया पेरून रान वाढवतात असं आपण म्हणतो. ते बऱ्याच पक्ष्यांबाबत खरंही आहे, पण याच्या पोटातली चक्की बहुतेक बिया दळून टाकते. त्याला फुकटचं श्रेय नको.

जमिनीवर पोट भरणाऱ्या कबुतरांचं पुढे काय होतं, हे जगातल्या बेटांनी दाखवून दिलंय. मॉरिशसचा डोडो हे मुळात कबुतरच. त्या बेटावर मांजर नाही, कोल्हा नाही, उंदीरही नाही. मग उडायचं कशाला? तो अंगानं वाढला आणि उडणं विसरला. १५९८ मध्ये डच खलाशी उतरले. माणसांच्या पाठोपाठ तिथं उंदीर, डुकरं, माकडं आली. जमिनीवरची अंडी त्यांना आयतीच मिळाली. सतरावं शतक सरण्याआधी डोडो संपला. २००२ मध्ये त्याच्या जपून ठेवलेल्या अवशेषातला डीएनए तपासला, तेव्हा त्याचा सर्वांत जवळचा हयात नातलग आपल्या देशातही आढळला: निकोबारी कबुतर. तेही जमिनीवरच चरतं, पण रात्री झाडावर बसतं आणि या बेटावरून त्या बेटावर उडत जातं. पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांचा राष्ट्रीय पक्षी मानुमिया हेही कबुतरच. त्याच्या चोचीला दातांसारखे खाचे असतात. तो आता फार तर काहीशेच्या आत उरला असावा, असा जाणकारांचा अंदाज आहे. शिकार, जंगलतोड, उंदीर, मांजरं, कारणं तीच.

तुम्ही म्हणाल, सह्याद्रीत बेट कुठलं? आपण कळकाचं बेट म्हणतोच ना! चहूकडे भातखाचरं आणि कातळ, मधे दाट झाडी. आहुप्याची देवराई तशी आहे. जुन्नर तालुक्यात दुर्गवाडीला दुर्गादेवीची आहे. देवाचं रान म्हणून कुऱ्हाड लागली नाही, वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही असा कित्येक ठिकाणी दंडक. महादेव कोळी समाजानं इथं पिढ्यान्‌पिढ्या हे पाळलं. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात या देवरायांचा अभ्यास करून त्यांचं मोल शहाण्यासुरत्यांना समजावलं. भीमाशंकर अभयारण्य झालं ते १९८५ मध्ये. देवराया त्याच्या कितीतरी आधीच्या.

पाचू कवडा जगातून नाहीसा व्हायला आलेला नाही. भारतापासून इंडोनेशियापर्यंत तो आहे, तमिळनाडूचा तर तो राज्यपक्षी. पण एखाद्या देवराईतून तो गेला, तर कुठल्याही यादीत त्याची नोंद होत नाही. आणि तो जायला झाडं तोडावी लागतात असंही नाही. देवळाचा जीर्णोद्धार होतो, सभोवार फरशी येते, झाडाखालचा पाचोळा ‘कचरा’ म्हणून झाडून पेटवला जातो. जत्रेनंतर उरलेल्या अन्नावर कुत्री ठाण मांडतात. वर पाहावं तर देवराई तशीच हिरवीगार. खाली मात्र या पक्ष्याचं ताट काढून घेतलेलं असतं. ग्रामस्थांनी देऊळ बांधू नये असं मी म्हणणार नाही, तो त्यांचा हक्क आहे. फरशी देवळापुरती ठेवली आणि मागच्या झाडीतला पाचोळा राहू दिला, तरी या पक्ष्याचं भागतं.

त्या बाजूला गेलात तर सकाळी लवकर रानात शिरा. कुणीतरी दूरवर, तोंड मिटून हुंकार भरावा तसा खोल ‘हूऽन, हूऽन’ असा आवाज येईल. घुबड समजून पुढे जाऊ नका. ओढ्याकाठी सावलीत बसा, बोलू नका, आणि पाचोळ्यात कुरकुर झाली की तिकडे पाहा. बऱ्याचदा ते रानकोंबडंच निघतं.