‘ताई, हे घरी सांगू नका’

(भोर येथे भोर-वेल्हे भागातील आया व विद्यार्थिनींच्या बैठकीत केलेलं भाषण)



पुढे आया बसल्या आहेत आणि मागे भिंतीला टेकून त्यांच्या लेकी. दोघी एका खोलीत आहेत हे बरं झालं. आज मला जे बोलायचं आहे ते दोघींच्या मधेच अडकलेलं आहे.

मी या भागात समाजकार्य करते. भोरच्या किंवा विंझरच्या कॉलेजातून पदवी घेऊन काही मुली पुण्याला विद्यापीठात जातात. सुट्टीत भेटल्या की भरभरून बोलतात. आणि बहुतेक जणींचं बोलणं एकाच वाक्यावर संपतं, “ताई, हे घरी सांगू नका.”

काय असतं हे? भानगड नसते, चोरी नसते. दोघींचं सांगते, नावं सांगत नाही.

एक वेल्ह्याकडची, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातली. प्रवेशाचे दिवस आणि भातलावणीचे दिवस एकच. घरात हात कमी, म्हणून ती लावणी आटोपून पुण्याला पोचली. तोवर वसतिगृहाची यादी लागून गेली होती. मग कॉट बेसिसवर एका खोलीत चौघी. पदवीपर्यंत सगळे पेपर मराठीत लिहिलेले, इथे वर्गात बोलणं इंग्रजीत. विषय तिला कळायचा, शब्द कळायचे नाहीत. शंका विचारायला उठली तर वाक्य अर्ध्यावर तुटायचं, पुढच्या बाकावरच्या हसायच्या. दिवाळीपर्यंत तिची खात्री पटली की आपल्याला काही येतच नाही. घरी मात्र “छान चाललंय”. कारण “जड जातंय” म्हटलं असतं तर उत्तर ठरलेलं होतं, “मग ये परत, स्थळ आलंय.”

दुसरी भोरहून रोज येऊन-जाऊन शिकणारी. स्वारगेटपर्यंत दीड-दोन तास, तिथून गणेशखिंडीला शहरातली बस. संध्याकाळच्या गर्दीत एक माणूस रोज तिच्या मागे येऊन उभा राहायचा. तिने काय केलं? आधीची गाडी धरली. त्यासाठी शेवटची दोन लेक्चरं सोडली. वर्षभर. आईला सांगितलं, “दुपारनंतर तास नसतात.” परीक्षेत त्याच दोन विषयांत राहिली आणि घरात ठरलं की पोरीचं अभ्यासात लक्ष नाही.

मी तुम्हाला शहाणपण शिकवायला उभी नाही. मीही हेच केलं आहे. समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला आम्ही चौघं, दोन मुली दोन मुलगे, कँटीनमध्ये बसून अहवाल लिहीत होतो. आमच्या भागातल्या कुणीतरी पाहिलं. शनिवारी मी गाडीतून उतरण्याआधी बातमी घरी उतरली होती. वडील काही बोलले नाहीत. आई एवढंच म्हणाली, “पुढच्या वर्षाचं बघू.” त्या तीन शब्दांनी मला कळलं की माझं शिक्षण वर्षावर्षाच्या परवानगीवर चाललंय. मी गटात बसणं सोडलं. पुढे खोलीवर मालकिणीचा एक नातेवाईक रात्री दार वाजवायला लागला. खरोखर सांगायची वेळ ती होती. नाही सांगितलं. परीक्षेच्या आठवड्यात ट्रंक उचलली आणि दुसरीकडे गेले.

विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं. तिथे स्त्री अभ्यास केंद्र १९८७ पासून आहे. २०१४ साली विद्यापीठालाच सावित्रीबाईंचं नाव दिलं गेलं. १८४८ साली भिडेवाड्यातल्या शाळेत शिकवायला जाताना सावित्रीबाईंवर शेण-चिखल फेकला जायचा हे आपण सगळ्या जाणतो. त्यांच्या चरित्रांत आणखी एक गोष्ट सांगतात : हे जोतिबांना कळलं तेव्हा त्यांनी दुसरं लुगडं जवळ ठेवायला सांगितलं. “उद्यापासून जाऊ नको” असं घरून उत्तर आलं नाही. म्हणून शाळा चालली. आपण फोटोला हार घालतो, पण हे घरचं उत्तर विसरतो.

सोयी झाल्या नाहीत असं मी म्हणत नाही. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.चं अर्धं तिकीट आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. विद्यापीठात ‘कमवा व शिका’ योजना आहे. पण खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे माफ नाहीत, आणि साधं एम.ए. करणारीला ती फीमाफी लागू नाही. वसतिगृहात जागा वाढवा, लावणीच्या दिवसांत उशिरा येणाऱ्या मुलींचा विचार करा, वर्गात मराठीला जागा द्या, या मागण्या आपण विद्यापीठाकडे करायलाच हव्यात.

कायदाही आहे. १९९७ साली विशाखा निकाल आला, २०१३ साली कायदा झाला, २०१५ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणासाठी विनियम केले. प्रत्येक कॉलेजात, विद्यापीठात अंतर्गत तक्रार समिती हवी. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. तक्रार करणारीचं नाव जाहीर करायला कायद्याने बंदी आहे. आणि मुलींनो, तुम्ही सज्ञान आहात, तक्रारीवर वडिलांची सही लागत नाही.

पण ज्या मुलीला घरची भीती छळणाऱ्यापेक्षा मोठी वाटते, ती समितीच्या दारापर्यंत जातच नाही. म्हणजे कायद्याचं पहिलं पाऊल आपल्या ओट्यावर पडायला हवं.

मागच्या वर्षी मी आईला दार वाजवण्याची ती गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “तेव्हाच का नाही बोललीस?” मी म्हटलं, “तू परत जाऊ दिलं नसतंस.” ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, “नसतंच जाऊ दिलं.” तिच्या मनात वाईट नव्हतं. लेकीला जपायचा तेवढा एकच मार्ग तिला माहीत होता.

आयांनो, तुम्हालाही तोच मार्ग शिकवला गेला आहे. दुसरा आपल्याला मिळून करायचा आहे. आज माझं मागणं एवढंच आहे. घरी जाताना लेकीला सांगा, “तिथे काहीही झालं तरी मला सांग. त्याचा बंदोबस्त करू. त्यापायी तुझं शिक्षण बंद होणार नाही.” आणि हे नुसतं म्हणू नका. ती सांगेल तेव्हा पहिला प्रश्न “तू तिथे कशाला गेली होतीस?” हा विचारू नका. “आता काय करायचं?” असं विचारा. जमलं तर तिच्याबरोबर जा, नाहीतर आम्हाला बोलवा, आम्ही येतो.

आणि पोरींनो, तुम्हीही एकदा सांगून बघा. आज आई ऐकायला बसली आहे.